परदेशस्थ मराठी कुटुंबातील मातृत्वाचे संस्कार

१. विषयप्रवेश

मातृत्व ही निसर्गाची घटना आहे. परंतु मातृत्वाचा सोहळा ही समाजाची निर्मिती आहे. मूल एका स्त्रीच्या पोटी जन्मास येते खरे. तथापि तिला आईपण प्राप्त झाल्याची ग्वाही देण्याचे काम पुष्कळ माणसांनी मिळून करावयाचे असते. सासूने ओटी भरावयाची, आईने बाळंतपण करावयाचे, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगावयाचे, मामाने मांडीवर घेऊन जावळ काढवावयाचे, शेजारणींनी पाळणा म्हणावयाचा, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. आता ही सर्व माणसे हजारो मैल दूर राहिली आणि आई होणारी स्त्री पतीसह परमुलखात एकटी असली, तर या सोहळ्याचे काय होते? तो लोपतो, तसाच टिकतो, की त्याचे रूप पालटते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. सोहळ्याच्या आवरणाखाली बाळंतिणीची शुश्रूषा, अर्भकाचे रक्षण आणि भाषेचे संक्रमण ही तीन अत्यंत व्यावहारिक कार्ये दडलेली असतात. सोहळा गळाला की ही कार्ये कोणावर येऊन पडतात, हे पाहणे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास जितके आवश्यक, तितकेच भाषेच्या व लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यासही आवश्यक आहे. म्हणून प्रथम देशातील मूळ रचना थोडक्यात मांडून, त्यानंतर परदेशवासाच्या काही निश्चित उदाहरणांकडे वळणे सोयीचे होईल.

२. मूळ रचना : माहेर हे केंद्र

मराठी समाजातील गर्भारपणापासून जावळापर्यंतचे संस्कार पाहिले, तर त्यांत एक गती दिसून येते. तिसऱ्या महिन्यातील चोरओटी, पाचव्या महिन्यातील ओटभरण, सातव्या महिन्यातील डोहाळजेवण हे विधी बहुधा सासरच्या पुढाकाराने होतात. त्यानंतर पहिलटकरीण माहेरी जाते. तेथेच प्रसूती होते, पाचवीस वा सहावीस सटवाईची पूजा मांडली जाते, आणि सव्वा महिना शेक-शेगडी, तेलपाणी, धुरी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, बाळगुटी या क्रमाने आई व मूल दोघांची उस्तवारी होते. पुढे मुलासह ती सासरी परत येते, तेव्हा ती पूर्वीची सून राहिलेली नसते. ती घराच्या वंशाची माता झालेली असते.

फ्रेंच अभ्यासक आर्नल्ड व्हॅन गेनेप याने १९०९ साली संस्कारांचे जे त्रिविध विभाजन मांडले, ते येथे चपखल लागू पडते. व्यक्ती आपल्या जुन्या स्थानापासून विलग होते, काही काळ मधल्या अवस्थेत राहते आणि मग नव्या स्थानात तिचा समावेश होतो. आपल्याकडे या तिन्ही पायऱ्या प्रत्यक्ष प्रवासाने दर्शविल्या जातात : सासर सोडणे, माहेरी राहणे, सासरी परतणे. माहेर ही त्यामुळे केवळ भावनेची वस्तू राहत नाही. स्त्रीच्या आयुष्यातील अत्यंत धोक्याच्या काळात तिला श्रमांतून मुक्त करणारी ती एक व्यवस्था आहे. सोयर पाळण्याच्या रूढीवर आज योग्य टीका होते. परंतु त्या रूढीने बाळंतिणीस चुलीपासून व पाणवठ्यापासून काही दिवस दूर ठेवले, हेही नजरेआड करता येत नाही.

या रचनेचा नकाशा आपल्या नातेवाचक शब्दांत उमटलेला आहे. आत्या, मावशी, मामी, काकू हे चार शब्द चार वेगळी कर्तव्ये सांगतात. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आई नसता मायेचा अधिकार मावशीचा. ‘माय मरो आणि मावशी जगो’ ही म्हण कठोर वाटली, तरी तिच्यात मातृत्व हे एका व्यक्तीपुरते नसून त्याला पर्याय असावा लागतो, ही जाणीव स्पष्ट आहे. परदेशात या पर्यायाचाच प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो.

३. एकोणिसाव्या शतकातील दोन उदाहरणे

या विषयाचा आरंभ ज्या दोन मराठी स्त्रियांपासून करावा लागतो, त्या दोघीही १८८३ साली समुद्रापार गेल्या. पहिल्या डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे नाव कोल्हापूरच्या वाचकास परके नाही. कारण अमेरिकेतून पदवी मिळविल्यावर कोल्हापूर संस्थानातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्या येथे रुजू होऊ शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या परदेशगमनाच्या मुळाशी मातृत्वाचे दुःख होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, ही खंत त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे होती. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास १८८६ साली त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या अनुभवाने त्यांचे मातृत्व हिरावून घेतले, त्याच अनुभवाला त्यांनी अभ्यासाचा विषय केले. परदेशी राहून मातृत्वाचा गौरव करण्याचा याहून गंभीर प्रकार आढळणे कठीण आहे.

न्यू जर्सी प्रांतातील रोझेल येथे ज्या श्रीमती कार्पेंटर यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय दिला, त्यांना आनंदीबाई मावशी मानीत. हा शब्द सहजगत्या आलेला नाही. आईचे स्थान रिकामे ठेवून तिच्या शेजारचे स्थान परक्या स्त्रीस द्यावयाचे, म्हणजे देशातील आईचा मान राखला जातो आणि परदेशातील मायेलाही घरचे नाव मिळते. हे नाते एकतर्फी नव्हते. आनंदीबाईंच्या निधनानंतर त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. मानलेले नाते परदेशात किती खोल जाऊ शकते, याची ही साक्ष होय.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८२ साली वैधव्य आल्यानंतर त्या पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात मायलेकींना निवारा मिळाला. तेथेच रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात अध्ययन व संस्कृतचे अध्यापन करू लागल्या. मठाने मुलीची काळजी घेतली, परंतु काळजीबरोबर अधिकारही मागितला. मनोरमेस कोणते धर्मशिक्षण द्यावे आणि ते कोणी ठरवावे, यावरून रमाबाई व मठातील ज्येष्ठ भगिनी यांच्यात तीव्र मतभेद झाला. हा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला असून, मुलीविषयी अंतिम निर्णय मातेचाच, ही रमाबाईंची भूमिका त्यात निःसंदिग्ध आहे. धर्म बदलूनही त्यांनी आपला शाकाहार सोडला नव्हता, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियास उपस्थित राहिल्या. एकीचे मूल गेलेले, दुसरी मुलीला घेऊन जगाशी झुंजणारी. या दोन चरित्रांतून परदेशस्थ मातृत्वाचे दोन कायमचे प्रश्न आपल्यापुढे येतात. पहिला, गैरहजर असलेल्या माणसांची जागा कोणी घ्यावयाची? दुसरा, जागा घेणाऱ्याने मदतीच्या मोबदल्यात मुलावर किती हक्क सांगावयाचा? आज मठाच्या जागी पाळणाघर, शाळा वा शासन असेल. पण प्रश्न तोच आहे.

४. न परतलेली कुटुंबे

वरील दोघी परत आल्या. ज्यांना परतणे शक्य झाले नाही अशांचे उदाहरण म्हणजे मॉरिशस बेटातील मराठी समाज. १८३४ पासून त्या बेटावरील उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. त्यांत कोकण व लगतच्या मुलखातील मराठी भाषकांचा भरणा होता. आरंभीच्या तुकड्यांत स्त्रियांचे प्रमाण अल्प असे. ज्या स्त्रिया गेल्या, त्यांना माहेर कायमचे अंतरले. बाळंतपणासाठी परत जाण्याचा मार्गच नव्हता. मळ्यावरील वस्तीतील इतर स्त्रिया, मग त्या भोजपुरी बोलणाऱ्या असोत वा तमिळ, हेच त्यांचे माहेर झाले असल्यास नवल नाही.

या समाजाच्या घरातील भाषा कालांतराने क्रिओल झाली. मराठी ही शाळेत शिकावयाची, देवळात ऐकावयाची आणि सणाला गावयाची भाषा उरली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी असते. कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे. जे टिकले ते सार्वजनिक स्वरूपाचे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. उत्सव मंडळीच्या आश्रयाने उभा राहू शकतो. परंतु पाळणा म्हणणारी आजी क्रिओल बोलू लागली, की पाळण्याची मराठी मंडळीच्या ठरावाने परत आणता येत नाही. मातृभाषा ही आईकडून येणारी भाषा होय, हा शब्दाचा अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो.

इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाची कहाणी याहून वेगळी आहे. कोकणात शतकानुशतके राहून मराठी झालेले, ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा आदी गावांत स्थायिक झाले. धर्मदृष्ट्या ते स्वगृही परतत होते; पण भाषेच्या व आहाराच्या दृष्टीने ते परदेशीच निघाले होते. तेथे १९६२ च्या सुमारास धर्मपीठाने त्यांच्या विवाहनोंदणीसाठी विशेष चौकशी लागू केली. वधूवरांच्या आईची, आईच्या आईची आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांची परंपरा तपासावी, असे त्या आदेशाचे स्वरूप होते. कोकणातील आज्या-पणज्यांच्या मातृत्वावरच हा संशय होता. समाजाने चिकाटीने सत्याग्रह केला आणि १९६४ साली त्यांच्या नावाचा तो अपमानकारक उल्लेख मागे घ्यावा लागला. शुभकार्यात एलियाहू हन्नबीचे स्मरण करून पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा वाटण्याची प्रथा या समाजाने तेथेही सोडली नाही. आणि त्यांच्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’ असावे, यातही पुष्कळ अर्थ आहे.

५. माहेराची उलटी वाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९६५ साली आपला स्थलांतरविषयक कायदा बदलला आणि शिक्षित मराठी कुटुंबांचा ओघ तिकडे सुरू झाला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून अस्तित्वात होतेच. १९६९ साली शिकागोत मंडळ स्थापन झाले, १९७९ साली टोरांटोहून ‘एकता’ हे नियतकालिक निघाले आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. या कुटुंबांना परत येण्याचा मार्ग मोकळा होता, विमानाची सोय होती. तरीही पहिलटकरीण माहेरी येईना. नोकरी, वैद्यकीय विमा, अपत्याचे नागरिकत्व आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धातील प्रवासाचा धोका ही त्याची कारणे होत.

परिणामी मूळ रचनेची दिशाच उलटली. लेक माहेरी जाण्याऐवजी माहेर लेकीकडे जाऊ लागले. कोल्हापूर-सांगलीकडील एखादी आई, जिने कदाचित मुंबईचा विमानतळही पूर्वी पाहिला नव्हता, ती डिंक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड आणि गुटीची सहाण बरोबर बांधून दूरदेशी उतरते. विधीचे साहित्य तेच, करणारी व्यक्ती तीच. परंतु स्थळ बदलल्याबरोबर नात्यातील अधिकार पालटतो. पूर्वी लेक आईच्या घरी पाहुणी असे. आता आई लेकीच्या, किंबहुना जावयाच्या, घरी पाहुणी असते. जिच्या शब्दाने स्वयंपाकघर चालावयाचे, तिला तेथे चुलीची कळ कोणती हे विचारावे लागते. धुरी द्यावी, तर धूर ओळखणारी भोंगा वाजविणारी यंत्रणा छतावर असते. गुटी उगाळावी, तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे असे तेथील वैद्य सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच सल्ला आहे. ज्ञानाचा हा संघर्ष बाळाच्या पाळण्याशेजारी, दोन प्रेमळ स्त्रियांमध्ये, हळू आवाजात चाललेला असतो.

या व्यवस्थेची मुदत आता पंचांग ठरवीत नाही, शासन ठरविते. अभ्यागत म्हणून अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये एका वेळी साधारणतः सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. म्हणून प्रथम मुलीची आई आणि ती परतताच मुलाची आई अशी पाळी लावण्याची रीत अनेक कुटुंबांत रूढ झाली. कॅनडाने डिसेंबर २०११ पासून आईवडील व आजीआजोबांसाठी दीर्घ मुदतीचा विशेष परवाना सुरू केला आणि २०२२ साली त्याखालील एका वेळच्या मुक्कामाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविली. एका अर्थी आजीच्या श्रमांची ही राजमान्यताच होय. तिची गरज का भासते, हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याने प्रसूतीसाठी मिळणारी रजा बारा आठवड्यांची असून ती बिनपगारी आहे, आणि तीही सर्वच नोकरदारांना लागू नाही. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत नेण्यात आली. ज्या देशाचा कायदा आईस पुरेशी विश्रांती देत नाही, तेथे ती विश्रांती दुसऱ्या एका वृद्ध आईच्या कष्टांतून उभी करावी लागते.

येथे सोहळ्याच्या छायाचित्रांत न दिसणारी बाजूही नोंदविली पाहिजे. पतीच्या नोकरीच्या आधारे ‘अवलंबित’ म्हणून गेलेल्या स्त्रियांना अमेरिकेत दीर्घकाळ काम करण्याची परवानगीच नव्हती. २०१५ साली त्यांतील काहींना ती मिळाली. उच्चशिक्षित स्त्रीची अन्य सर्व ओळख पुसली जाऊन केवळ ‘आई’ हीच ओळख उरणे, हा मातृत्वाचा गौरव नव्हे. सव्वा महिन्याचा एकांत जर सोबतीविना वर्षभर लांबला, तर त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. पाहुणी आजी विमानात बसल्यानंतरच्या दिवसाचा विचार या विषयाच्या अभ्यासकाने टाळू नये.

६. दोन विधींचे अर्थांतर

विधी टिकला तरी त्याचा अर्थ टिकतोच असे नाही, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. पहिले बारशाचे. बाराव्या दिवशी पाळण्यात घालून आत्याने नाव सांगेपर्यंत मूल अनाम असते, ही आपली कल्पना. भारतातील १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा या कल्पनेस अनुकूल आहे. नावाविना जन्माची नोंद करून नाव मागाहून घालता येते. इंग्लंडमध्ये नोंदणीस ४२ दिवसांची मुदत असल्यामुळे बारावा दिवस तीत सहज बसतो. अमेरिकेत मात्र रुग्णालय सोडण्यापूर्वीच नाव लिहून देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे तेथील बारसे नाव ठेवीत नाही, ठेवलेले नाव जाहीर करते. आत्या पुष्कळदा पडद्यावरून, भारतातील मध्यरात्री जागून, ते उच्चारते; बाळाच्या कानाशी मात्र एखादी मैत्रीण ओणवी झालेली असते, आणि त्या दिवसापासून ती बाळाची आत्या ठरते. श्रीमती कार्पेंटर यांना जे स्थान शब्दाने मिळाले, तेच हिला विधीने मिळते. पुढे मुले सर्वच स्त्रियांना ‘आंटी’ म्हणू लागली, की आत्या-मावशीतील भेद भाषेतून जातो. बारशात मात्र तो काही काळ शिल्लक राहतो.

दुसरे उदाहरण डोहाळजेवणातील बर्फी-पेढ्याचे. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडावयाची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ अज्ञानावर आधारलेला आहे. अमेरिकेत गर्भाचे लिंग आईवडिलांना इच्छेनुसार कळते. त्यामुळे कित्येक घरी हा खेळ निव्वळ गंमत होतो, किंवा तेथील लिंग-घोषणेच्या समारंभात मिसळून जातो. आपल्याकडे ही माहिती देणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली, आणि केंद्राने १९९४ साली त्याविरुद्ध कायदा केला, कारण त्या ज्ञानाचा उपयोग मुली नाहीशा करण्यासाठी होत होता. २००१ च्या जनगणनेत खुद्द कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलग्यांमागे ८३९ इतके खाली आले होते. अंबाबाईच्या नगरीस, जिथे रोज शेकडो ओट्या देवीला वाहिल्या जातात, हा आकडा विचार करावयास लावणारा आहे. पेढा निघाल्यावर होणारा आनंदाचा गलका आणि बर्फी निघाल्यावरची किंचित शांतता यांतील अंतर हा केवळ खेळाचा भाग नव्हता. परदेशस्थ कुटुंबांनी हा विधी नेताना तो गलकाही बरोबर नेला की मागे ठेवला, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

७. दोन मातृदिन

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाळला जाणारा मातृदिन मूळचा अमेरिकेचा. ॲना जार्व्हिस या महिलेने आपल्या मृत आईच्या स्मरणार्थ १९०८ साली त्याचा आरंभ केला, आणि १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी त्यास राष्ट्रीय मान्यता दिली. पुढे त्यातील व्यापारीपणाला उबगून ॲना जार्व्हिसनेच त्याविरुद्ध मोहीम चालविली. आपल्याकडे श्रावणी अमावास्या, म्हणजेच पिठोरी, हा मातृदिन मानला जातो. त्या दिवशी चौसष्ट योगिनींची पूजा करून आई वाण डोक्यावर घेते आणि ‘अतिथी कोण?’ असे विचारते. मूल मागे उभे राहून ‘मी आहे’ असे म्हणत ते घेते.

या दोहोंतील भेद मूलगामी आहे. अमेरिकन मातृदिनी मूल देते आणि आई घेते. पिठोरीस आई देते आणि मूल घेते. पहिल्यात कृतज्ञता आहे, दुसऱ्यात रक्षणाची प्रार्थना आहे. परदेशस्थ घरातील मूल शाळेत केलेले शुभेच्छापत्र मे महिन्यात आईला देते, आणि श्रावणात, बहुधा सोयीच्या शनिवारी-रविवारी, आईकडून वाण घेते. हे दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकतात. कारण ते परस्परांचे खंडन करीत नाहीत, परस्परांना पुरे करतात. आईने केवळ देतच राहावे, ही आपली सवय पहिल्या दिवसामुळे थोडी सुधारली, तर तो लाभच म्हणावा लागेल.

आतापर्यंत परदेशी असलेल्या आईचा विचार झाला. परंतु ज्या आईची मुले परदेशी आहेत, ती येथेच आहे. तिच्यासाठी परंपरेने काही तरतूद केली आहे काय? आहे, असे दिसते. श्रावणात जिवतीचा छापील कागद भिंतीवर लावला जातो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांसह जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती असतात. यांतील जरा ही महाभारतातील, जरासंधाचे दोन तुकडे सांधणारी राक्षसी होय. श्रावणी शुक्रवारी आई जिवतीची पूजा करून मुलांना ओवाळते. आणि जी मुले परगावी असतील त्यांच्यासाठी चारही दिशांना अक्षता टाकते. सैन्यात गेलेला, गिरणीत गेलेला, आगबोटीवर गेलेला मुलगा नेमका कोठे आहे हे आईला ठाऊक नसे; म्हणून चारही दिशा. दूर गेलेल्या मुलाला घराच्या विधीतून न वगळण्याची ही युक्ती विमानयुगाच्या कितीतरी पूर्वीची आहे.

८. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, परदेशात मातृत्वाचे संस्कार नष्ट होण्यापेक्षा त्यांतील माणसे बदलतात. मैत्रीण आत्या होते, यजमानीण मावशी होते. दोन, संस्काराचे साहित्य सहज नेता येते, परंतु त्यामागील श्रमविभागणी नेता येत नाही. ती न उभारता केवळ सोहळा केला, तर त्याचा भार त्या एकट्या आईवर, किंवा तिच्या वृद्ध आईवर पडतो. तीन, सार्वजनिक उत्सव संस्थांच्या बळावर टिकतात, पण घरातील भाषा पाळण्यापाशीच टिकते अथवा तुटते. मॉरिशसचा अनुभव हेच सांगतो.

याविषयीची साधने आपल्या अगदी जवळ आहेत. कोल्हापुरातील अनेक घरी आज अशा स्त्रिया आहेत, ज्या लेकीचे अथवा सुनेचे बाळंतपण करण्यासाठी दोन-दोन, तीन-तीन वेळा समुद्र ओलांडून आल्या. त्यांनी काय नेले, काय तेथे करता आले नाही, कोणाला मावशी केले, नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलल्या आणि परत येताना काय वाटले, हे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल. एकोणिसाव्या शतकातील मातांची पत्रे राहिली म्हणून आपण त्यांच्याविषयी लिहू शकतो. आजच्या आज्या पत्रे लिहीत नाहीत, दूरध्वनीवर बोलतात. आणि बोललेले विरून जाते. ते विरण्यापूर्वी नोंदले जावे, एवढीच अपेक्षा.